टर्बोचार्ज इंजिनाची इंधन-कार्यक्षमता : छत्रपती संभाजीनगर परिसरातील वाहनवापराच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : टर्बोचार्जर, इंधन-कार्यक्षमता, वायुरोध, समृद्धी महामार्ग, इथेनॉल मिश्रण

प्रस्तावना :

मराठी माणूस मोटार खरेदी करण्यापूर्वी जो प्रश्न हमखास विचारतो तो म्हणजे 'गाडी ॲव्हरेज किती देते?' हा होय. इंग्रजीतील 'सरासरी' या अर्थाच्या शब्दाला मराठीत एका लिटरमध्ये कापलेल्या अंतराचा अर्थ प्राप्त झाला, यातच या प्रश्नाचे आपल्या जीवनातील स्थान दिसून येते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वीचे औरंगाबाद, हे तर वाहननिर्मितीचेच शहर आहे. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीच्या ॲव्हरेजची चर्चा घराघरांत पोहोचली. २००१ मध्ये शेंद्रा औद्योगिक वसाहतीतून स्कोडा कंपनीची ऑक्टेव्हिया बाहेर पडू लागली. तिच्या १.९ लिटरच्या डिझेल इंजिनामुळे 'टर्बो' हा शब्द येथील मध्यमवर्गाच्या परिचयाचा झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातील ग्राहकांनी सुमारे दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी एकत्रितपणे खरेदी केल्या, त्याची देशभर चर्चा झाली. त्या खरेदीच्या वेळी ॲव्हरेजची चौकशी कितपत झाली असेल, हा भाग वेगळा.

आज परिस्थिती बदललेली आहे. टर्बो हे आता केवळ डिझेलचे किंवा महागड्या मोटारींचे लक्षण राहिलेले नाही. एक किंवा सव्वा लिटर क्षमतेच्या, तीन सिलिंडरच्या लहान पेट्रोल इंजिनांनाही टर्बोचार्जर बसविलेला असतो. पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूर, गंगापूर अशा तालुक्याच्या ठिकाणी शहरातून दररोज ये-जा करणारा प्राध्यापकवर्ग मोठा आहे. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या व्यक्तीच्या मासिक अंदाजपत्रकात इंधन ही किरकोळ बाब राहत नाही. देशाच्या पातळीवरही खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग आयात करावा लागतो. अशा स्थितीत टर्बो मोटारीविषयी दोन परस्परविरोधी समजुती प्रचलित आहेत. 'टर्बो गाडी पेट्रोल पिते' ही एक आणि 'लहान इंजिन म्हणजे हमखास ॲव्हरेज' ही दुसरी. या दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या का आहेत आणि एका टाकीत अधिकाधिक अंतर कापण्यासाठी चालकाच्या हाती नेमके काय असते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

टर्बोचार्जरचे कार्य :

स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुरात इंधनाच्या ऊर्जेचा फार मोठा अंश वाया जात असतो. हा धूर एका लहान चक्राच्या पात्यांवरून सोडला तर ते चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसविलेले चक्र बाहेरील हवा दाबून इंजिनात भरते. ही चक्रे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी 'इंटरकूलर' नावाच्या जाळीतून थंड केली जाते. दाब प्रमाणाबाहेर वाढू नये यासाठी धुराला चक्राशिवाय परस्पर बाहेर जाऊ देणारी एक झडप असते. यंत्रणा एवढीच आहे. सुरुवातीची अनेक वर्षे ती जहाजे, आगगाडीची इंजिने आणि विमाने यांतच वापरली गेली. १९६२ मध्ये अमेरिकेत ती प्रवासी मोटारीत आली, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात साब व मर्सिडीज-बेंझ यांनी ती युरोपात रुजविली.

सिलिंडरमध्ये जितकी हवा अधिक तितके इंधन अधिक जाळता येते, आणि तितकी शक्ती अधिक मिळते. याचा अर्थ टर्बोचार्जर स्वतः इंधन वाचवीत नाही, ही बाब आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. तो लहान इंजिनाला मोठ्या इंजिनाचे काम करण्याची क्षमता देतो. बचत होते ती इंजिन लहान केल्यामुळे. पेट्रोल इंजिनात शक्ती कमी हवी असेल तेव्हा हवेच्या मार्गातील पडदा अर्धवट मिटलेला असतो आणि पिस्टनला त्या अरुंद वाटेतून हवा ओढण्यासाठी श्रम पडतात. मोठे इंजिन मंद चालविताना हे श्रम बरेच वाया जातात. तेच काम लहान इंजिन केले तर त्याचा पडदा अधिक उघडा राहतो, घर्षण करणारे भागही कमी असतात. डिझेल इंजिनात असा पडदा हवेचे प्रमाण ठरवीत नाही, त्यामुळे तेथे टर्बोचे गणित काहीसे निराळे व मुळातच अधिक लाभाचे असते.

बचतीची मर्यादा कोठे येते? मागणी वाढली की येते. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, टर्बोचा दाब कमाल झाला आणि हे काही काळ चालू राहिले की बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागते. टर्बोची पाती जळू नयेत म्हणून अनेक इंजिनांचा संगणक अशा वेळी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल फवारतो. हे जादा पेट्रोल शक्ती देण्यासाठी नसते, ते केवळ थंडावा देण्यासाठी असते. हवा-इंधनाचे प्रमाण बारास एकपर्यंत आले, तर पाचव्या हिश्श्याच्या जवळपास पेट्रोल असे अक्षरशः धुरात जाते. शिवाय दाबलेले तप्त मिश्रण ठिणगीपूर्वीच किंवा वेडेवाकडे पेटण्याचा धोका असतो. ते टाळण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा टाकतो, त्यामुळे कार्यक्षमता आणखी घटते. मे महिन्यात ४० अंशांच्या पुढील तापमानात हे अधिक वारंवार घडते. 'टर्बो गाडी पिते' या तक्रारीचे मूळ येथे आहे. गाडी पिते हे खरे, पण ती चालकाच्या उजव्या पायाच्या आज्ञेनुसार पिते.

समृद्धी महामार्ग आणि वेगाचे गणित :

नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. मोटारींसाठी येथील वेगमर्यादा सपाट भागात ताशी १२० किलोमीटर आहे. सावंगी किंवा माळीवाडा येथून मार्गावर चढणाऱ्या चालकाला बहुधा आयुष्यात प्रथमच तासन्‌तास एकाच वेगाने जाण्याची संधी मिळते. जुन्या रस्त्यावर चालकाचा वेग खड्डे, ट्रॅक्टर आणि गावे ठरवीत असत. येथे तो चालक स्वतः ठरवितो, आणि म्हणूनच इंधनाचा हिशेबही त्याच्याच हाती येतो.

हा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. प्रवाशांसह १,३५० किलो वजनाची, मध्यम आकाराची उंच बांध्याची मोटार विचारात घेऊ. शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५७० मीटर असल्याने येथील हवा काहीशी विरळ आहे, तीही जमेस धरली आहे. सपाट रस्त्यावर टायरांचा विरोध वेगानुसार फारसा बदलत नाही, तो सुमारे १४५ न्यूटन येतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ला तो १९० न्यूटन, १०० ला सुमारे ३०० आणि १२० ला ४३० न्यूटनच्या जवळ पोहोचतो. एकूण विरोध अनुक्रमे ३३५, ४४५ आणि ५७५ न्यूटन होतो. म्हणजेच ८० ऐवजी १२० च्या वेगाने गेल्यास प्रत्येक किलोमीटरला करावे लागणारे काम सुमारे ७० टक्क्यांनी वाढते.

मात्र इंधन ७० टक्के वाढत नाही, आणि ही सूक्ष्म बाब सामान्यतः दुर्लक्षित राहते. इंजिनावर भार मध्यम असताना त्याची कार्यक्षमता अत्यल्प भारापेक्षा चांगली असते. ८० च्या वेगाला ती २७ टक्के आणि १२० ला ३० टक्के धरली, आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल ऊर्जा मानली, तर शंभर किलोमीटरला लागणारे इंधन ८० च्या वेगाला ४.१ लिटर, १०० ला ५.२ लिटर आणि १२० ला ६.४ लिटर येते. ॲव्हरेजच्या भाषेत सांगायचे तर अनुक्रमे २४, १९ आणि साडेपंधरा. वातानुकूलन, चढउतार, वारा यांमुळे प्रत्यक्षातील आकडे याहून कमी भरतात, परंतु परस्परप्रमाण जवळपास हेच राहते. टाकी ४५ लिटरची असून त्यातील ५ लिटर राखीव ठेवले, तर एकाच मोटारीचा पल्ला एका वेगाला साडेनऊशे किलोमीटरच्या पुढे आणि दुसऱ्या वेगाला सव्वासहाशेच्या आत येतो. महामार्ग सुरू झाला तेव्हा त्यावर पेट्रोल पंप मोजकेच होते, त्या काळात हा फरक केवळ पैशांचा नव्हता.

या वेगांना लागणारी शक्तीही पाहण्यासारखी आहे. ८० ला दहा अश्वशक्ती, १०० ला सतरा, १२० ला सव्वीस. शेंद्रा येथे ज्या कंपनीचे पहिले भारतीय पाऊल पडले, तिच्या आजच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची कमाल शक्ती ११५ अश्वशक्ती आहे. एकदा वेग धरला की या शक्तीचा फार थोडा भाग लागतो. उरलेली शक्ती ट्रकला ओलांडण्यासाठी, चढासाठी आणि, स्पष्टच बोलायचे तर, विक्रेत्याच्या पत्रकासाठी असते.

संभाजीनगरहून नागपूर सुमारे सव्वाचारशे किलोमीटर आहे. १२० ऐवजी १०० चा वेग राखल्यास या प्रवासात अंदाजे ५ लिटर इंधन वाचते आणि चाळीस-बेचाळीस मिनिटे अधिक लागतात. हा सौदा कोणाला परवडेल हे ज्याचे त्याने ठरवावे. तथापि अधिकृत मर्यादेच्याही वर, १४० च्या आसपास गाडी नेणाऱ्यास मात्र कायदा आणि सुरक्षितता यांबरोबरच इंधनाच्या दृष्टीनेही कोणतेच समर्थन देता येत नाही. लहान टर्बो इंजिन तेथे वर सांगितलेल्या जादा पेट्रोलच्या क्षेत्राकडे सरकू लागते.

नागपूरला जाताना आलेले ॲव्हरेज परतताना येत नाही, असा अनेकांचा अनुभव आहे आणि त्याचा दोष पंपावरील पेट्रोलला दिला जातो. याची दोन साधी कारणे आहेत. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, म्हणजे परतीच्या प्रवासात मोटार अडीचशे मीटरहून अधिक चढते. एवढे वजन तेवढे उचलण्यास साधारण ०.४ लिटर पेट्रोल लागते. दुसरे कारण वाऱ्याचे आहे. पावसाळ्याच्या दिवसांत वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतो. परतणाऱ्या मोटारीला ताशी २० किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर १०० च्या वेगाने जातानाही तिला स्थिर हवेतील १२० इतकाच वायुरोध सोसावा लागतो. जाताना तोच वारा पाठीशी असतो. टपावर बसविलेली सामानाची चौकट किंवा उघड्या खिडक्या याच हिशेबात भर घालतात. महामार्गावर खिडक्या बंद ठेवून वातानुकूलन चालविणे योग्य असते.

जालना रस्ता :

शहरातील गणित पूर्णतः वेगळे आहे. महावीर चौकापासून चिकलठाणा विमानतळापर्यंतच्या जालना रस्त्यावर वायुरोधाला जवळजवळ काहीच महत्त्व नसते. तेथे इंधन खाल्ले जाते ते थांबण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात. वरील मोटार शून्यापासून ५० च्या वेगापर्यंत नेण्यासाठी सुमारे १३० किलोज्यूल गतिज ऊर्जा द्यावी लागते. इंजिनाची कार्यक्षमता येथे कमी असल्याने त्यासाठी साधारण २० मिलिलिटर पेट्रोल लागते आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबताच ते सर्व उष्णतेच्या रूपाने नष्ट होते. २० मिलिलिटरमध्ये हीच मोटार ८० च्या स्थिर वेगाने अर्धा किलोमीटर जाते. म्हणून लाल दिवा दिसताच ॲक्सिलरेटर सोडून देणे आणि गाडी गिअरमध्येच ठेवून वेग ओसरू देणे हा शहरातील सर्वांत मोठा इंधनबचतीचा उपाय आहे. हिरवा दिवा लागेपर्यंत गाडी पूर्ण थांबलीच नाही, तर ते २० मिलिलिटर बरेचसे वाचतात.

वातानुकूलनाबाबतही शहर व महामार्ग यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. उन्हाळ्यात ही यंत्रणा तासाला साधारण अर्धा लिटर इंधन घेते. हा खर्च तासाच्या हिशेबाने होतो, किलोमीटरच्या नव्हे. महामार्गावर तासाभरात शंभर किलोमीटर अंतर कापले जात असल्याने तो जाणवत नाही. जालना रस्त्यावरील संध्याकाळच्या गर्दीत तासाला पंधरा-वीस किलोमीटरच जाता येते, तेव्हा तोच अर्धा लिटर ॲव्हरेज दोन-तीन किलोमीटरने सहज खाली आणतो. उन्हात उभी राहिलेली मोटार प्रथम खिडक्या उघडून दोन मिनिटे चालविणे आणि मग यंत्रणा सुरू करणे हा साधा मार्ग आहे. मे महिन्यात वातानुकूलन बंदच ठेवावे असा उपदेश मात्र कोणी करू नये.

लहान टर्बो इंजिनांचे शहरातील ॲव्हरेज कागदावरील आकड्यापेक्षा बरेच कमी भरते, ते याच कारणांमुळे. कागदावरील आकडा मोटार प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून काढलेला नसतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत रुळांवर, ठरावीक वेगक्रमानुसार त्याची चाचणी होते. अनेक वर्षे प्रचलित असलेल्या 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' या क्रमात कमाल वेग ताशी ९० च आहे, वेगवृद्धी अत्यंत संथ आहे आणि वातानुकूलन परंपरेने बंद असते. तिची इंग्रजी आद्याक्षरे 'एमआयडीसी' अशी होतात. ज्या शहराचा अर्थव्यवहार दुसऱ्या एका एमआयडीसीवर उभा आहे, तेथील रहदारीचे या पहिल्या एमआयडीसीत मात्र प्रतिबिंब नाही. संथ वेगवृद्धीत टर्बोला दाब निर्माण करण्याची गरजच क्वचित पडते, त्यामुळे लहान इंजिन या परीक्षेत विशेष गुण मिळविते. परीक्षेतील गुण आणि व्यवहारातील आकलन यांतील अंतर अध्यापकवर्गास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

गिअर, घाट आणि जुन्या सवयी :

जुन्या पिढीतील चालकांनी कार्ब्युरेटरच्या काळात आत्मसात केलेल्या काही सवयी आजच्या टर्बो मोटारीत निरुपयोगी, तर काही अपायकारक ठरतात. उतारावर गाडी न्यूट्रल करणे ही त्यांतील सर्वांत चिवट सवय. औट्रम घाटातून, म्हणजे कन्नडच्या घाटातून, चाळीसगावकडे उतरताना अनेक चालक ती आजही पाळतात. कार्ब्युरेटर असलेले इंजिन उतारावर गिअरमध्येही पेट्रोल ओढत असे, त्यामुळे या सवयीत तेव्हा तथ्य होते. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर संगणक इंधनाचा फवारा पूर्णपणे बंद करतो आणि चाकेच इंजिन फिरवितात. न्यूट्रल केल्यास मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला इंधन पुरवावे लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जळते, गिअरमध्ये जळत नाही. शिवाय न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अडसर जातो, सारा भार ब्रेकवर येतो आणि घाटात ब्रेक तापून निकामी होण्याची शक्यता वाढते. ज्या घाटाचा अपघातांचा इतिहास सर्वश्रुत आहे तेथे ही सवय जिवावर बेतू शकते.

दुसरी सवय वरचा गिअर शक्य तितक्या लवकर टाकण्याची. येथे तारतम्य आवश्यक आहे. टर्बो इंजिनाला कमी फेऱ्यांतच भरपूर जोर असतो. उपरोक्त एक लिटर इंजिन १७८ न्यूटन-मीटरचा कमाल जोर सुमारे १,७५० फेऱ्यांपासूनच देऊ लागते. त्यामुळे फेरे २,००० ते २,५०० च्या दरम्यान ठेवून, ॲक्सिलरेटर मध्यम दाबून वेग घेणे आणि पुढचा गिअर टाकणे हे सर्वांत काटकसरीचे असते. ४,००० फेऱ्यांपर्यंत गिअर ताणण्याचे कारण नाही. परंतु पाचव्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवर असताना चढ आला आणि चालकाने गिअर न बदलता पाय पूर्ण दाबला, तर इंजिन धडधडते, मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटू शकते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवरील ही अकाली प्रज्वलनाची समस्या इतकी गंभीर ठरली की २०१८ नंतर इंजिन ऑइलची आंतरराष्ट्रीय मानके त्यासाठी बदलावी लागली. अशा वेळी एक गिअर खाली येणे इंधनाच्याही हिताचे असते. ॲव्हरेज वाचविण्याच्या नादात पिस्टन फुटला, तर पुढील दहा वर्षांची बचत एका दुरुस्तीत जाते.

इथेनॉलचा प्रश्न :

२०२५ पासून देशभरात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळू लागले आणि ॲव्हरेज घटल्याच्या तक्रारी वाढल्या. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये सुमारे २१. या प्रमाणात मिश्रण केल्यास लिटरमागील ऊर्जा सुमारे सात टक्क्यांनी कमी होते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि नव्या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या मोटारींसाठी १ ते २ टक्के घट अपेक्षिली होती. अर्धे ॲव्हरेज गेले असे सांगणारे आणि काहीच फरक पडत नाही असे म्हणणारे, दोन्ही पक्ष अतिशयोक्ती करतात.

टर्बो इंजिनाच्या बाबतीत या मिश्रणाची एक अनुकूल बाजू आहे. इथेनॉल अकाली पेटण्यास पेट्रोलपेक्षा अधिक विरोध करते आणि बाष्पीभवनाच्या वेळी आजूबाजूची उष्णता शोषून घेते. दाबलेल्या, तापलेल्या हवेवर चालणाऱ्या इंजिनाला हे दोन्ही गुण हवेच असतात. ज्या इंजिनाचा संगणक याचा लाभ घेऊन ठिणगी वेळेवर टाकू शकतो, तेथे घट काही अंशी भरून निघते. जुन्या इंजिनांत ते शक्य होईलच असे नाही. हे इथेनॉल अंशतः मराठवाड्यातीलच साखर कारखान्यांतून येते आणि त्या उसाला लागणारे पाणी जायकवाडीसारख्या धरणांतून. त्या पाण्याचा ॲव्हरेज कोणी काढत नाही, हे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही.

टायर, ऑइल आणि टर्बोची निगा :

टायरमधील हवा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ८० च्या वेगाला एकूण विरोधापैकी दोनपंचमांशाहून अधिक विरोध टायरांचा असतो, हे वरील हिशेबावरून दिसते. हवा एकपंचमांशाने कमी असेल तर टायरांचा विरोध साधारण एकदशांशाने वाढतो, म्हणजे ॲव्हरेज सुमारे चार टक्क्यांनी घटते. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेल्या मापाप्रमाणेच भरावी. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर 'उन्हाळ्यात हवा कमीच भरावी' असा सल्ला दिला जाऊ लागला, तो चुकीचा आहे. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि त्यामुळेच फुटतो.

टर्बोच्या दांड्याला इंजिन ऑइलचाच आधार असतो. निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचे व पातळपणाचे ऑइल वेळेवर बदलणे हे टर्बोच्या आयुष्यासाठी अनिवार्य आहे. अधिक घट्ट ऑइल 'इंजिनाला बरे' म्हणून घालण्याची गॅरेजमधील पद्धत घर्षण वाढविते. हवेचा फिल्टर धुळीने बुजला तर टर्बोला तीच हवा ओढण्यासाठी अधिक श्रम पडतात. वाळूज-पैठण परिसरातील खोदकामाच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने सर्व्हिसची वाट न पाहता तो मध्येच पाहून घ्यावा.

'टर्बो गाडी बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे चालू ठेवावी' हा सल्ला ऑक्टेव्हियाच्या दिवसांपासून चालत आला आहे. तप्त चक्रापाशी ऑइल थांबून जळू नये, हा त्यामागील हेतू योग्य आहे. पण पाच मिनिटांत विनाकारण पन्नास-साठ मिलिलिटर पेट्रोल जाते. शेवटचे एक-दोन किलोमीटर सावकाश गाडी चालविल्यास टर्बो तोवर निवलेला असतो. शहरात घरी पोहोचणारा प्रत्येक जण तसाही सावकाशच पोहोचतो. महामार्गावरून वेगात येऊन थेट पंपावर किंवा धाब्यावर थांबणाऱ्याने अर्धा-एक मिनिट थांबले तरी पुरेसे असते. अलीकडच्या अनेक मोटारींत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती पाणी खेळविणारा विजेवरील पंप असतो.

ॲव्हरेज मोजण्याची रीत :

मोटारीच्या पडद्यावर दिसणारा आकडा अनेकदा काहीसा उदार असतो. खरा आकडा काढावयाचा तर टाकी पूर्ण भरावी, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद होते तेथेच थांबावे, किलोमीटरची नोंद करावी, टाकी पाव राहीपर्यंत नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा तशीच भरावी. कापलेले अंतर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, किमान तीन टाक्यांची सरासरी घ्यावी. शहर आणि महामार्ग यांची नोंद वेगळी ठेवल्यास कोणत्या सवयीने किती फरक पडला हे कळते. टाकी अगदी कोरडी करून पल्ला मोजण्याचा मोह टाळावा, कारण टाकीतील विजेवरील पंप बुडालेल्या इंधनानेच थंड राहतो. वजन कमी राहावे म्हणून अर्धीच टाकी भरण्यातही अर्थ नाही. २० लिटर पेट्रोलचे वजन पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे डिकीत वर्षभर पडून असलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याइतकेच असते.